साप, सोंगट्या आणि तेरा पत्ते

चाळिशी ओलांडलेला, कचेरीत खातेवही लिहिणारा, वस्तीतल्या अभ्यासिकेचा हिशेब सांभाळणारा माणूस मोबाईलवर खेळ खेळतो, हे छापून येताना थोडे ओशाळल्यासारखे होते. पण सकाळच्या लोकलमध्ये आजूबाजूला पाहिले की ओशाळेपण कमी होते. मी अंबरनाथला चढतो. पूर्वी याच डब्यात चौघांच्या गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी पडायची आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत पत्ते कुटले जायचे. कोपऱ्यात टाळ वाजायचे. आता साठ वर्षांचे गृहस्थही मान खाली घालून बोटाने काहीतरी सरकवत असतात. त्यातलाच मी एक. गेली वीस-बावीस वर्षे हे खेळ खेळतो आहे. त्यातला जाणकार नव्हे, पण जे अनुभवले ते सांगावे असे वाटले. त्यातली एक गोष्ट सांगायला मला बराच काळ धीर झाला नव्हता.

पहिला फोन घेतला २००४ मध्ये, नोकिया ११००. टॉर्चवाला फोन म्हणून तो आपल्या वस्तीत घरोघरी होता. त्यात सापाचा खेळ असे. २, ४, ६, ८ ही बटणे दाबून साप वळवायचा, ठिपका खायला घालायचा, की साप एका घराने लांब होतो. हा खेळ फिनलंडच्या तनेली अर्मांटो या अभियंत्याने तयार केला आणि तो पहिल्यांदा १९९७ मध्ये नोकिया ६११० या फोनात आला. माझ्या फोनातला साप त्याच्या पुढच्या आवृत्तीतला. तो एका बाजूने बाहेर गेला की समोरच्या बाजूने आत यायचा. भिंतीला न भिता खेळता यायचे. मरण यायचे ते स्वतःच्याच शेपटीला तोंड लागून. जितके जास्त खावे तितकी वळायला जागा कमी. नियम एवढाच, पण पडदा रंगीत नसतानाही तासन् तास जायचे.

२००५ च्या पावसाळ्यात वडील आजारी पडले आणि रात्री मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून असे. बाजूच्या बाकावर जळगावकडचे एक गृहस्थ असत, त्यांची पत्नी आत होती. दुसऱ्या रात्री त्यांनी विचारले, "भाऊ, हे काय टुकटुक करता?" मी दाखवले. मग एक डाव त्यांचा, एक माझा असे पहाटेपर्यंत चालले. एकमेकांचे नाव-गाव विचारायच्या आधी आम्ही एकमेकांचे गुण विचारत होतो. माझ्यापेक्षा त्यांचा हात चांगला. चौथ्या रात्री त्यांचा बाक रिकामा होता. नर्सबाईंना विचारायची हिंमत झाली नाही. वडील बरे होऊन घरी आले. पण फोनात सर्वांत वरचा आकडा त्या गृहस्थांचाच राहिला. तो मोडण्याचा प्रयत्न मी पुढे कधी केला नाही. साप जरा लांब झाला की मुद्दाम शेपटीवर नेऊन घालत असे.

नंतर पडद्यावर बोट फिरवायचे फोन आले. २०१३ च्या दिवाळीला बोनसमधून मी एक स्वस्तातला घेतला. त्यावर पहिल्यांदा खेळलो तो 'सबवे सर्फर्स'. डेन्मार्कच्या कंपन्यांनी २०१२ मध्ये काढलेला हा खेळ. रेल्वेच्या डब्यावर रंग फवारणारा मुलगा, त्याच्यामागे शिपाई आणि कुत्रा. मुलाने रुळांवरून पळायचे, समोरून गाडी आली की उडी मारून टपावर चढायचे, वाटेतली नाणी गोळा करायची. २०१३ मध्ये त्याची एक आवृत्ती मुंबईच्या नावानेही निघाली होती. खेळ सुरेख आहे, रंग डोळ्यांना आवडतात, लहान मुलांना वेड लागते. पण मला तो फार दिवस खेळवला नाही. ज्यांनी बनवला त्यांच्याकडे कदाचित रुळावर उतरणे ही गंमत असेल. आपल्याकडे उपनगरी मार्गावर दर वर्षी दोन हजारांवर माणसे जिवाला मुकतात, त्यातली कित्येक रूळ ओलांडताना. आमच्या ओळीतल्या दोन घरांनी हे पाहिले आहे. पडद्यावरचा मुलगा आपटला की पुन्हा उभा राहतो, आणि समोर बसलेला माझा सात वर्षांचा भाचा टाळ्या पिटतो. मी तो खेळ काढून टाकला. भाच्याने दोन दिवस अबोला धरला.

त्याच सुमारास कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या फोनात 'फ्लॅपी बर्ड' होता. एक पाखरू आणि वरून-खालून आलेले नळ. बोट टेकवले की पाखरू वर उडते, नाही टेकवले तर पडते. नळांच्या फटीतून ते न्यायचे. दिसायला पोरखेळ, पण पाच नळ ओलांडताना घाम फुटायचा. व्हिएतनामच्या डाँग न्यूएन या तरुणाने तो एकट्याने बनवला होता. जाहिरातींतून त्याला दिवसाला पन्नास हजार डॉलर मिळतात अशा बातम्या आल्या. आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने तो खेळ स्वतःच बाजारातून काढून घेतला, कारण लोकांना त्याचे व्यसन लागते आहे असे त्याचे म्हणणे होते. आम्ही कचेरीत त्याला वेड्यात काढले. चालू दुकान कोणी बंद करते का? आज मला तो शहाणा वाटतो. पण ते पुढे.

माझी पत्नी अंगणवाडीत काम करते. तिचा खेळ 'कँडी क्रश'. सारख्या रंगाच्या गोळ्या तीन-तीन जुळवायच्या. त्यात पाच जीव मिळतात. हरलात की एक जीव जातो आणि तो परत यायला अर्धा तास लागतो. पाचही गेले की थांबा, नाहीतर पैसे भरा. कंपनीला वाटत असणार की गिऱ्हाईक उतावीळ होऊन पैसे भरेल. आमच्या घरात तिने याचे घड्याळ करून टाकले. जीव संपले की ती उठते, कणीक मळते, भाजी टाकते. "एक जीव आला असेल आता," असे म्हणत हात पुसून परत बसते. इतक्या वर्षांत तिने एक रुपया भरलेला नाही. मी तिला एकदा सांगितले की हा फुकटचा खेळ बनवणारी कंपनी ५९० कोटी डॉलरना विकली गेली. व्यवहार नोव्हेंबर २०१५ मध्ये ठरला आणि २०१६ मध्ये पुरा झाला. ती म्हणाली, "मग भरणारे दुसरे कोणीतरी असतील." वाणिज्य शाखेची पदवी माझ्याकडे आहे, पण धंद्याचे मर्म तिने एका वाक्यात सांगितले. हजारो खेळतात फुकट, थोडे भरतात, आणि बाकीच्यांना जाहिराती दाखवून वसुली होते.

आता लुडोकडे येतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या एक खोली आणि स्वयंपाकघरात आम्ही सहा जण होतो. आई, आम्ही दोघे, दोन मुले आणि बारावी करून कामधंदा शोधायला आलेला पुतण्या. 'लुडो किंग' हा नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६ मध्ये काढलेला खेळ त्या वर्षी घराघरांत पोचला. आमच्याकडे मुलीने आणला. चार जणांत एक फोन फिरवूनही तो खेळता येतो.

आईने आयुष्यभर फोनला हात लावला नव्हता. पण पट पाहिला आणि म्हणाली, "हे तर आमचं चल्लस." तिच्या लहानपणी सारवलेल्या जमिनीवर कोळशाने घरे आखून चल्लस-आठ खेळत. कवड्या घरात नसत; चिंचोके दगडावर घासून एका बाजूने पांढरे करत आणि तेच फासे. कामावरून आलेल्या बाया दिवेलागणीपर्यंत खेळत आणि भांडत. आईला आकडे नीट वाचता येत नाहीत, पण फाशावरचे ठिपके तिला एका नजरेत कळत. दोन दिवसांत ती आम्हा सर्वांना भारी पडली.

पहिल्याच दिवशी तिने एक प्रश्न विचारला. "फासा दिसतोय खरा, पण टाकतो कोण?" मी सांगितले की आपण बोट लावायचे, आकडा आतला प्रोग्राम काढतो. तिला ते पटले नाही. चिंचोके हातात खुळखुळतात, जमिनीवर पडतात, चौघांना दिसतात. इथे आत कोण बसले आहे ते दिसत नाही. शेवटी तिने नियम केला की ज्याने त्याने आपल्याच बोटाने फासा टाकायचा, दुसऱ्याच्या वतीने नाही.

ती सुनेची सोंगटी कधी मारत नसे. सहा पडोत की पाच, दुसरी सोंगटी पुढे करायची. माझी मात्र घराच्या दारात गाठून मारायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. मामा संगमनेरला. आठ महिने बहीण-भावाची भेट नव्हती. लुडोमध्ये खोलीचा क्रमांक कळवून लांबच्या माणसाबरोबर खेळता येते. संध्याकाळी मामा आणि आई असे पाटावर बसत. शेजारी दुसऱ्या फोनवर बोलणे चालू. डाव निम्म्यावर सोडून कुणाच्या शेतात काय लावले, कोण आजारी आहे, कोण गेले, हीच चर्चा. त्या काळात गेलेल्यांची नावे आईला मामाच्या तोंडून लुडो खेळताना कळली.

पुतण्याचा खेळ वेगळा. पबजी मोबाईल २०१८ मध्ये आला. शंभर जण विमानातून बेटावर उतरायचे, हत्यारे गोळा करायची, वर्तुळ आवळत जाते, शेवटी उरेल तो जिंकला. तो कानात यंत्र घालून हिंदीत ओरडत असे, "पीछे है, पीछे है!" आणि आई दचकून मागे पाहायची. मी एकदा फोन हातात घेतला. दोन मिनिटांत मेलो. लखनौ-पाटण्याकडची सोबतची मुले मला जे बोलली ते इथे लिहिता येत नाही. पुतण्याला विचारले, यात तुला काय मिळते? तो म्हणाला, "काका, तिथं कुणी आडनाव विचारत नाही. नेम लागतो का एवढंच बघतात." मी गप्प झालो. दहा ठिकाणी नोकरीला जाऊन आलेला मुलगा ते सांगत होता. पुढे मी खेळाडूंनी घेतलेली टोपणनावे वाचली. अमुक जातीचा राजा, तमुक जातीचा वाघ. आडनाव कुणी विचारत नाही हे खरे, पण छातीवर लावून फिरणारे तिथेही आहेत. पुतण्याला दाखवले तर म्हणाला, "त्यांनाच आधी मारतो." २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने इतर ११७ ॲपसह पबजीवर बंदी घातली. पुतण्याने एक दिवस जेवण सोडले. २ जुलै २०२१ ला तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला, तोवर त्याला भिवंडीच्या गोदामात काम लागले होते आणि खेळायला अंगात त्राण उरत नव्हते.

आता माझी गोष्ट.

मार्च २०२३. लोकलमध्ये एका ओळखीच्याने रमीचे ॲप दाखवले. त्या कंपनीचे नाव लिहीत नाही. सिनेमातले लोक त्याची जाहिरात करत. रमी मला येत होती; लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात कोण खेळत नाही? तेरा पत्ते, एक तरी रांग जोकरशिवाय लागली पाहिजे. पहिल्याच पानाला सोडलात तर वीस गुण अंगावर, नंतर सोडलात तर चाळीस, आणि पुरते हरलात तर जास्तीत जास्त ऐंशी. गुणाला पन्नास पैसे, एक रुपया, दोन रुपये अशी टेबले. मी शंभर रुपये भरले. तीन दिवसांत तीनशे चाळीस झाले. दोनशे काढून घेतले, ते खरोखर बँकेत आले. तिथे मी फसलो. पैसे काढता आले म्हणजे व्यवहार सचोटीचा, असे माझ्यातल्या क्लार्कला वाटले.

'हा कौशल्याचा खेळ आहे' असे ॲप सारखे सांगत होते. त्याला आधार होता. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले होते. मात्र ज्याची जागा आहे तो त्या पैशाच्या खेळातून नफा कमावत असेल तर गुन्हा ठरू शकतो, असेही त्याच निकालात होते. ते जाहिरातीत कुणी सांगत नसे. नंतर मी कागदावर मांडून पाहिले. दोघे सारखेच हुशार, दोघांनी शंभर-शंभर ठेवले. दर डावाला जिंकणाऱ्याच्या रकमेतून कंपनी दहा रुपये कापते असे धरा. वीस डावांत दोघांचे मिळून दोनशे रुपये कंपनीकडे गेले. दोघांचेही कौशल्य शाबूत, खिसे रिकामे. हे गणित अकरावीच्या मुलाला येईल. मला तेव्हा सुचले नाही.

९ एप्रिलपर्यंत मी एकूण ९,८५० रुपये भरले होते आणि १,४५० काढले होते. म्हणजे ८,४०० रुपये बुडाले. त्यात २,५०० माझे नव्हते. अभ्यासिकेच्या लाइट बिलासाठी आणि एका पंख्यासाठी जमा केलेली वर्गणी माझ्या खात्यात होती. रात्री दीड वाजता, मोरीच्या उंबऱ्यावर बसून, "उद्या जिंकून भरून टाकू" म्हणत मी ती दोन रुपयांच्या टेबलावर लावली. अर्ध्या तासात गेली. समोर खेळणारा माणूस होता की आणखी काही, कोण जाणे. आईचा प्रश्न तेव्हा आठवला. पत्ते दिसतात, पण वाटतो कोण?

लाइट बिल मी उसने घेऊन भरले. पंखा मात्र पगारानंतरच आला, जवळजवळ तीन आठवडे उशिरा. त्या उन्हाळ्यात पत्र्याखाली सोळा-सतरा मुले पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होती. वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत. एका मुलाने विचारले, "सर, पंख्याचे पैसे कमी पडले का?" मी म्हणालो, दुकानदाराकडे माल नाही. हे खोटे मला त्या आठ हजारांपेक्षा जास्त बोचले.

पत्नीला सांगितले ती आधी काही बोलली नाही. मग ॲप काढून टाकायला लावले आणि बँकेचे कार्ड स्वतःच्या डब्यात ठेवले. समितीला सांगायला मला आणखी दोन रविवार लागले. योगायोग असा की त्या रविवारी विहारात सिगालोवाद सुत्ताचे वाचन होते आणि वाचणारा मीच. त्यात जुगाराचे सहा तोटे आहेत. त्यातला एक, जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत मान राहत नाही. तिथे आवाज अडकला. पाणी पिऊन पुढचे वाचले आणि वाचन संपल्यावर वही पुढे ठेवून सगळे सांगितले. पैसे तोवर भरलेले होते, तरी सांगितले. अध्यक्ष गिरणीतून निवृत्त झालेले. बराच वेळ वहीची पाने उलटत राहिले. मग म्हणाले, "खजिनदार तुम्हीच राहा. पण यापुढं खात्यावर दोन सह्या." एका तरुण सभासदाला हे पटले नाही, त्याने तसे तोंडावर सांगितले आणि आजही तो माझ्याशी मोजकेच बोलतो. त्याचे चूक आहे असे मी म्हणणार नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून या खेळांत भरलेल्या रकमेवर २८ टक्के कर लागला. म्हणजे शंभर भरले की त्यातले जवळपास बावीस रुपये आधीच करात. तरी डब्यातले लोक खेळतच होते. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे खेळ चालवणे आणि त्यांची जाहिरात करणे गुन्हा ठरले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. बिनपैशाच्या खेळांना मुभा आहे. मोठ्या कंपन्यांनी पैशाची टेबले बंद केली. चोरवाटा राहणारच. मटक्याच्या चिठ्ठ्या कायद्याने कधी पुरत्या संपल्या होत्या?

सध्या मी बुद्धिबळ खेळतो. 'लिचेस' नावाचे ठिकाण आहे, एका फ्रेंच माणसाने २०१० मध्ये सुरू केलेले. जाहिरात नाही, शुल्क नाही, देणग्यांवर चालते. नव्या माणसाला सुरुवातीला १५०० गुणांकन देतात. मी पंधरा दिवसांत ११८० वर आलो. मुलगी दहावीला आहे, ती माझ्यापेक्षा तीनशेने वर. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकली तेव्हापासून अभ्यासिकेतल्या मुलींनी दोन पट मागून घेतले. वर्गणी काढली, दोन सह्या झाल्या, पट आले. रविवारी पंख्याखाली चार जणी बसतात. सोंगट्या उडू नयेत म्हणून पंखा दोनवर ठेवावा लागतो.

घरी अजूनही रात्री जेवणानंतर लुडो होतो. आईचे गुडघे गेले आहेत, नजर मंदावली आहे, पण माझी सोंगटी दाराशी आली की तिला बरोबर दिसते. आताशा डावाच्या मध्येच जाहिरात लागते, कधी साबणाची, कधी कर्जाची. ती लागली की आई फोन उलटा करून सतरंजीवर ठेवते आणि म्हणते, "बाजार उठू दे, मग खेळू."